सर्व्हिसेबल नावाचं गाव

ती मालिका वाईट आहे असं पेपरात छापून आलं, तोवर तिचे अकरा भाग झाले होते आणि अकराही मी पाहिले होते. सुनेनं मोबाइलवर वाचून दाखवलं. लिहिणाऱ्यानं तीन ठिकाणी 'रंजक' असं लिहिलं होतं आणि तिन्ही ठिकाणी पुढे 'नाही' होतं.

मालिका मिलिटरीची आहे, पण तिच्यात लढाई नाही. टिनाचं एक लांबलचक स्टोअर आहे. त्यात कांबळी, बूट, मच्छरदाण्या, बादल्या यांच्या थप्प्या. तिथं पाच माणसं नोकरी करतात आणि दिवसभर एकमेकांशी भांडतात. टेबलफॅन एकच आहे. तो कोणाकडे तोंड करून ठेवायचा यात एक अख्खा भाग गेला. एका भागात सगळे बूट डाव्या पायाचे आले. साहेब येतो, रागावतो, निघून जातो. मध्ये मध्ये माणसं हसल्याचा आवाज लावलेला असतो, म्हणजे कुठं हसायचं ते आपल्याला कळावं.

पेपरवाल्याच्या तक्रारी तीन होत्या. मालिकेत काही घडत नाही, ही पहिली. देशाचा जवान बादल्या मोजत बसलेला दाखवणं बरं दिसत नाही, ही दुसरी. आणि स्टोअरचा हवालदार जी वऱ्हाडी बोलतो ती कानाला टोचते, ही तिसरी.

तिसरी मला पटली. तो नट आमच्याकडचा नाही. त्याला कोणीतरी 'मले', 'तुले' आणि 'काऊन बे' एवढं शिकवून उभं केलं आहे. तो साहेबालाही 'बे' म्हणतो. आमच्याकडे 'बे' बरोबरीच्याला म्हणतात, लहानाला म्हणतात. साहेबाला म्हटलं असतं तर हवालदाराची पट्टी दुसऱ्याच दिवशी उतरली असती.

पहिली मात्र पटली नाही. काही घडत नाही, हेच तर खरं आहे. माझा नवरा सतरा वर्षं फौजेच्या अशाच स्टोअरात होता. सुट्टीवर आला की मी विचारायची, तिथं काय असते? तो म्हणायचा, काही नसते. मला वाटायचं, सांगायचं टाळतो. ही मालिका लागली तेव्हा कळलं की तो सांगतच होता.

लिहिताना मी त्याला 'तो' म्हणते. तोंडावर कधी म्हटलं नाही. आता तो नाही, त्याला सात वर्षं झाली. रागवायला कोणी नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत. गाव वडनेरच्या पुढं, रस्त्यापासून आत. लग्न झालं तेव्हा तो फौजेत लागून वर्ष झालं होतं. पंधरा दिवस राहिला आणि गेला. महिन्याभरानं पत्र आलं. घरात वाचणारी मीच. पत्त्याच्या जागी गावाचं नाव नव्हतं. एक नंबर होता आणि पुढं इंग्रजी अक्षरं. सासरा म्हणाला, पाह्य बरं, कोण्या गावाले हाय तो. मी पत्र परत वाचलं. आत लिहिलं होतं, 'मी सर्व्हिसेबल आहे. काळजी नसावी.' मला वाटलं, घाईत 'ला' राहिला. मी सासऱ्याला सांगितलं, ते सर्व्हिसेबलले हायेत.

सासऱ्यानं ते पारावर सांगितलं. पारावरून गावात गेलं. कोणी म्हणालं, ते पंजाबात येते. कोणी म्हणालं, नाही, काश्मिराच्या अलीकडे हाय, थंडी लय. गावातल्या एका माणसानं तर त्या स्टेशनवरून गाडीनं गेल्याचं सांगितलं. विहिरीवर बाया मला सर्व्हिसेबलवाली म्हणू लागल्या. मी मिरवत होते. दुसऱ्या बायांचे नवरे मलकापूरच्या पुढे गेले नव्हते.

दहा महिन्यांनी तो सुट्टीवर आला. पारावर म्हाताऱ्यांनी त्याला विचारलं, सर्व्हिसेबलले पाण्याचं कसं हाय बाबू? त्यानं तिथं काही दाखवलं नाही. पाणी चांगलं हाय म्हणाला. घरी आला, मला चुलीपाशी गाठलं आणि विचारलं की हे गाव कोणी काढलं. मी पत्र आणून दाखवलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला आणि सासू पाणी घेऊन धावली.

मग त्यानं समजावलं. फौजेच्या स्टोअरात प्रत्येक वस्तूला तीनपैकी एक नाव असतं. वापरण्याजोगी असेल तर सर्व्हिसेबल. मोडलेली पण दुरुस्त होईल अशी असेल तर रिपेरेबल. कामातून गेली की कंडम. साहेब लोक वर्षातून एकदा येतात, वस्तू पाहतात आणि सही करतात. दिवसभर तेच लिहून लिहून हाताला सवय झाली आणि 'खुशाल' लिहायचं तिथं त्यानं 'सर्व्हिसेबल' लिहिलं. कंडम हा शब्द आमच्या गावात आधीपासून होता. बाकीचे दोन मला त्या दिवशी कळले.

गावाची चूक मात्र त्यानं दुरुस्त केली नाही. पुढच्या सगळ्या वर्षांत तो सुट्टी संपली की म्हणायचा, परवा सर्व्हिसेबलले जातो. त्याच्या बदल्या झाल्या, तीन जागा बदलल्या. खरी नावं त्यानं सांगितली असतील, माझ्या डोक्यात राहिली नाहीत. माझ्यासाठी तो सतरा वर्षं एकाच गावाला होता आणि ते गाव मी पाहिलं नाही.

पाहता आलं असतं. लग्नाच्या आठव्या वर्षी पत्र आलं, 'क्वार्टर मिळाले. दोन खोल्या. घरात नळ आहे. निघून यावे.' सासूला तेव्हा लकवा मारलेला होता. मी कार्ड टाकलं, 'जमत नाही. सासूबाई आजारी.' आजवर सगळ्यांना मी हेच सांगत आले. पण नणंद यायला तयार होती. ती म्हणाली होती, मी पाहतो मायले, तू जाऊन ये. खरं कारण हे की मी भ्याले. मला हिंदी येत नव्हती. शेगावच्या पुढं मी रेल्वेत बसले नव्हते. त्याच्यासोबत मी कधी सलग महिनाभरही राहिले नव्हते. दोन खोल्यांत एका माणसासोबत दिवसभर काय बोलायचं, हे मला कळत नव्हतं.

पुढच्या सुट्टीत तो एक पितळी तोटी घेऊन आला, ओट्यावरच्या ड्रमला भोक पाडलं आणि ती बसवली. मी म्हटलं, विहिरीचं पाणी डोक्यावर आणायचं, ड्रममध्ये ओताचं अन् मंग तोटीतून काढायचं, हा काय शहाणपणा? तो म्हणाला, राहू दे, पाहाले बरं दिसते.

म्हणून मी ती मालिका पाहत होते. दुपारी दोनला, आदल्या दिवशीचा भाग परत दाखवतात तेव्हा. संध्याकाळी मुलाला बातम्या लागतात. मला कथेशी कर्तव्य नव्हतं. मी त्या माणसांच्या मागं काय ठेवलं आहे ते पाहत होते. थप्प्या कशा लावतात, खिडकी कुठं, चहा कशात पितात. सून म्हणायची, आत्याबाई, तुम्ही हसत तं नाहीच. मी म्हणायची, मी पाहून राह्यली.

पेपरात ते आल्यावर चार दिवसांनी आमचे सुभेदार आले. हे गावातले रिटायर फौजी, पलटणीत होते, पुढच्या रांगेत. माणूस चांगला, फक्त बसला की लवकर उठत नाही. हातात रेघांचा कागद, त्यावर नऊ सह्या.

"वहिनी, तुमची सही पाहिजे."

"काह्यावर?"

"ते सिरीयल बंद कराले. जवानाची टिंगल करून राह्यले. तुम्ही फौजीची बाई. तुमच्या सहीले वजन येते."

"तुम्ही पाह्यली का ते?"

"पाहाची काय गरज? पेपरात आलं ना."

मी म्हटलं, मले आठ दिवस द्या. त्यांना ते आवडलं नाही. मी सही करायला वेळ मागणारी बाई नाही, हे त्यांना माहीत आहे. चहा पिऊन गेले.

आठ दिवस मी का मागितले ते मलाच नीट सांगता येत नव्हतं. सुभेदार खोटं बोलत नव्हते. ते लोक हसवायलाच बसले होते आणि माझा नवरा काही हसण्यासाठी सतरा वर्षं घराबाहेर राहिला नव्हता. तिथं खरंच असं असेल, तर मालिका बंद करणाऱ्या कागदावर मी सही का करावी? आणि हे सगळं नुसतं रचलेलं असेल, तर मी दुपारी दोन वाजता नेमकं काय पाहत होते?

त्यातच क्वार्टरचा भाग आला. त्या वऱ्हाडी हवालदाराला क्वार्टर मिळतं. तो बायकोला पत्र लिहितो. स्टोअरातून एक मोडकी खुर्ची उचलतो आणि तिला दुरुस्त करत बसतो. बाकीचे चौघं त्याची चेष्टा करतात, की बायको खुर्चीत बसाले येऊन राह्यली का बे. शेवटी बायकोचं पत्र येतं, जमत नाही. तो खुर्ची परत स्टोअरात आणून ठेवतो आणि रजिस्टरात नोंद करतो. तिथंही हसण्याचा आवाज लावला होता.

सून माझ्याकडे पाहायला लागली. तिला क्वार्टरचं माहीत नव्हतं, पण माझा चेहरा तिला दिसला असेल. मी तिला चहा टाकायला सांगितलं.

दोन दिवसांनी तिनं मोबाइलवर या भागाबद्दल आलेलंही वाचून दाखवलं. लिहिणारा दुसरा होता. त्यानं लिहिलं होतं की विनोदी मालिकेत असा रडका भाग कशाला, आणि एका खुर्चीसाठी कोणता सैनिक एवढा वेळ घालवतो, हे न पटणारं आहे. मी तिला म्हटलं, ठेव तो मोबाइल.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी मलकापूरला गेले. तिथं नवऱ्याच्या स्टोअरातला एक सोबती राहतो. दोघांनी पाच वर्षं एका टिनाखाली काढली होती. मयतीला आला होता, त्यानंतर भेट नव्हती. एका कानानं त्याला ऐकू येत नाही, म्हणून मी दुसऱ्या बाजूनं बसले. त्यानं मालिका पाहिली नव्हती. मी त्याला सांगत गेले आणि तो मान हलवत गेला. डाव्या बुटांचं खोटं, म्हणाला. पण पंख्याचं खरं हाय. पंख्यावरून आमची मारामारी झाली होती.

मग मी विचारलं.

"भाऊजी, क्वार्टर मिळालं होतं तवा त्याइनं काय केलं?"

त्याला वाटलं असावं, हे मला माहीत आहे.

"काही नाई केलं. खुर्ची-गिर्ची काही आणली नाई. कुलूप लावून ठेवलं. पण दर रविवारी जाये."

"काह्याले?"

"पाणी भराले. नळ सकाळी एक घंटा येये. मोठा ड्रम होता. पहिले जुनं पाणी सांडे, मंग नवं भरे. आम्ही म्हणो, काऊन बे, राहते कोण तिथं? तो म्हणे, तिकडे ते अर्ध्या कोसावून पाणी आणते. आली तं शिळं नको."

"माह्यं कार्ड नव्हतं का गेलं?"

"कार्ड तं पह्यल्याच महिन्यात आलं, वैनी. मंगही भरे. चार महिने. साहेबानं चाबी मागितली तवा दिली." मग तो हसला. "आम्ही त्याले पाणीवाला म्हणत होतो. रविवार आला की सगळे म्हणत, चाल बे पाणीवाल्या, तुह्यी ड्यूटी हाय. लय हसो आम्ही."

"अन् ते?"

"तोही हसे."

त्याच्या मुलीनं जेवून जा म्हणून धरलं. मी थांबले नाही. परतीच्या गाडीत जागा मिळाली, खिडकीची. दोन्हीकडे कपाशी वेचायला आली होती. मी पाहत होते पण डोक्यात ड्रमच होता. केवढा होता ते विचारायचं राहिलं. आमच्या ओट्यावरच्या ड्रमएवढा असेल, तर विहिरीवरच्या माझ्या दहा खेपा होतात. कार्डावर मी चार शब्द लिहिले होते. पाचवा लिहायला जागा होती.

मला रडू आलं नाही. राग आला. पत्रात एक ओळ लिहिता आली असती त्याला. 'ड्रम भरून ठेवला आहे' एवढी. मी गेले असते की नाही, आज सांगता येत नाही. पण त्यानं लिहायला हवी होती.

आठ दिवस झाल्यावर सुभेदार आले. कागदावर आता चौदा सह्या होत्या.

"सुभेदार, तुम्ही कधी स्टोअरच्या आत गेले का?" मी विचारलं.

"आत कोण जाऊ देते? आमचं काम खिडकीवर. बूट घेतले, सही केली, निघाले."

"मंग आत टिंगल होये का नाही हे तुमाले कसं ठाऊक?"

"वहिनी, प्रश्न इज्जतीचा हाय. लोक हसून राह्यले."

"ते स्वतःच हसत होते. मी विचारून आली."

त्यांनी कोणाला, काय, असं काही विचारलं नाही. त्यांना वाटलं, मी हट्टाला पेटले. म्हणाले, शिकलेल्या लोकांनी पेपरात लिहिलं, ते काय येडे हायेत? मी म्हटलं, ते येडे नाहीत, पण तेही खिडकीपर्यंतच गेले. सुभेदार कागदाची घडी करून खिशात घालत होते. त्यांना इतका वेळ ताटकळत ठेवून नाही म्हटलं, याचं मला वाईट वाटलं. म्हणून सांगितलं, की बंदच कराची असन तं त्या नटाच्या बोलण्यासाठी करा, त्यावर मी सही देतो. तर तसा कागद त्यांच्याकडे नव्हता.

पुढच्या महिन्यात मालिका बंद झाली. सुभेदार पारावर सांगतात, आपल्या अर्जानं झाली. मुलगा म्हणतो, अर्ज तर तालुक्याच्या पुढं गेलाच नसेल, पाहणारेच नव्हते म्हणून बंद झाली. शेवटच्या भागात साहेब लोक येतात आणि अख्खं स्टोअरच कंडम ठरवून सही करतात. मग ती पाच जणं पंखा कोणी न्यायचा यावर भांडत बाहेर पडतात. पडद्यावर रिकामं टिन जरा वेळ दाखवलं. मी खिडकी कुठं होती ते पाहून घेतलं.

"आत्याबाई," सून म्हणाली, "बाबा होते तिथंही असंच होतं का?"

"नाही. याइच्या स्टोअरात पाणी कुठं दाखवलं?"

तिला कळलं नाही.

आता दुपारी दोनला तिथं स्वयंपाकाचा कार्यक्रम असतो. बाई हसत हसत पनीर कापते. मी लावत नाही.

घरात आता ग्रामपंचायतीचा नळ आहे, दिवसाआड येतो. ओट्यावरचा ड्रम दोनदा बदलला, तोटी तीच आहे. मुलानं ती काढून प्लास्टिकची बसवायचं म्हटलं होतं. मी त्याला आतलं वायसर बदलायला लावलं, गळायची थांबली. नळ यायच्या आधी मी तोटी सोडते आणि ड्रममधलं उरलेलं पाणी लिंबाच्या आळ्यात जाऊ देते. मग नवं भरते. सून पहिल्या दिवशी ओरडलीच. आमच्याकडे पाणी सांडलेलं कोणाला पाहवत नाही.

"आत्याबाई, चांगलं पाणी काऊन सांडता?"

"शिळं हाय," मी म्हटलं.